शून्याची भिंत

खैरनारबाईंनी चहाचं आधण चढवलं होतं. हेमंत बोरस्तेने हात हलवून नको म्हटलं, तेव्हाच त्या काय ते समजल्या. एवढं आता नाशिकमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं होतं. घराची तपासणी आटोपल्यावर बँकेसाठी किंमत ठरवणारा व्हॅल्युअर चहाला थांबला तर घर सुटलं, आणि घाईघाईने चपला शोधू लागला तर घर गेलं.

"काय आलं हो साहेब?" बाईंनी गॅस बंद करत विचारलं.

"ओल आहे, ताई."

"एप्रिलच्या उन्हात ओल?"

हेमंत यंत्राची नळी गुंडाळू लागला. बाहेरच्या खोलीत बाईंचे यजमान दुकानासाठी घरावर काढायच्या कर्जाची स्वप्नं बघत बसले होते आणि मधूनमधून खोकत होते. बाई जवळ आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "ह्यांचा खोकला आला का त्यात?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग लिहू तरी नका."

"मी कुठे लिहितो? हे लिहितं." त्याने यंत्राकडे बोट दाखवलं. ते अगदी खरं होतं, आणि खरं बोलल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसतही होतं.

बाईंना ते समाधान झोंबलं. "तुमच्या घराची भिंत कोण हुंगतं हो?"

"मीच हुंगतो. रोज सकाळी माझ्या घरापासूनच सुरुवात असते," हेमंत म्हणाला आणि जिना उतरला. खैरनारांचं कर्ज त्याच आठवड्यात नामंजूर झालं.

ज्या यंत्रावर त्याचा एवढा विश्वास होता, त्याची ओळख आधी करून द्यायला हवी. त्याचं सरकारी नाव अवशेषमापक. लोक त्याला हुंगणी म्हणत. भिंत बाहेरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आतून ती स्पंजासारखी असते. गिलाव्यात, पुट्टीत, रंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. माणूस रात्रभर झोपतो तेव्हा त्याचा श्वास उशाकडच्या भिंतीवर आदळत राहतो, आणि त्या श्वासातले बारीकसारीक वायू या छिद्रांत जाऊन बसतात. निरोगी माणसाच्या श्वासाचं मिश्रण वेगळं, साखर वाढलेल्याचं वेगळं, फुप्फुस सडत चाललेल्याचं वेगळं. हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होतं. हुंगणीने नवीन एवढंच केलं की टाचणीएवढं भोक पाडून भिंत किंचित तापवायची, आत अडकलेले वायू ओढून घ्यायचे आणि पडद्यावर त्यांच्या रेघा काढायच्या. एका आजाराची एक रेघ. लोक दिवाळीला रंग काढतात, त्यामुळे दर दिवाळीचा थर वेगळा वाचता येई. वरून नवा रंग फासून उपयोग नव्हता, आणि गिलावाच खरवडून काढला तर त्यात काळंबेरं आहे असं धरूनच चालत.

सुरुवातीला ही हुंगणी आली ती घर घेणाऱ्यांच्या भल्यासाठी. बुरशी, विषारी रंग, जुन्या पत्र्यांतला घातक धूळधुरळा शोधायला. मग विमा कंपन्यांच्या लक्षात आलं की गृहकर्ज बुडतं ते घर पडल्यामुळे नव्हे, घरातला माणूस पडल्यामुळे. झालं! मूल्यांकनाच्या अहवालाची नवी पद्धत आली आणि तिच्यात सातवं पान आलं. घरात राहणाऱ्यांच्या आजारांच्या जेवढ्या रेघा सापडतील तेवढ्या त्या पानावर यंत्र स्वतः उमटवणार. व्हॅल्युअरने फक्त सही करायची. घर विकायला काढलं तरी रेघ घराबरोबरच जाई आणि बँक त्याची किंमत पाडे. पूर्वीचा व्हॅल्युअर घर बघायचा, माणसं बघायचा, थोडं डावं-उजवं करायचा. आता त्याचं मत कोणी विचारत नव्हतं. रेघ नसली तर पानावर 'निरंक' असा शब्द येई, आणि त्या एका शब्दासाठी लोक नवस बोलू लागले.

आणि रेघ आली तर? ती घरच्यांना सांगायची नाही, असा कडक नियम होता. आजार सांगणं हे डॉक्टरांचं काम. व्हॅल्युअरने सांगितलं तर ती बिनपरवान्याची वैद्यकी, आणि परवाना रद्द. म्हणजे बँकेला कळे, विमा कंपनीला कळे, ज्याच्या छातीत ते वाढत असे त्याला तेवढं कळत नसे. कोणी फारच मागे लागलं तर काय सांगायचं, हे या धंद्यातल्या लोकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. सगळे एकच सांगत. ओल आहे.

हेमंतही तेच सांगे. इतरांना निदान तोंड फिरवावंसं वाटे. त्याला तसं वाटत नसे. नियम तो नियम, आणि आपण नियमाला धरून आहोत याचा त्याला अभिमान होता. असल्या माणसांचा लोक आदर करतात आणि त्यांना जेवायला बोलवत नाहीत.

हुंगणीला एक गोष्ट मात्र रोज लागायची, ती म्हणजे शून्य. शहराच्या हवेत नाही नाही ते असतं. द्वारकेच्या चौकातला धूर, सातपूरच्या कारखान्यांचे वास, द्राक्षांच्या हंगामात बागांवरून उडत येणारी औषधं. हे सगळं प्रत्येक भिंतीत असणारच. ते वगळल्याशिवाय माणसाचा आजार दिसायचा कसा? म्हणून रोज सकाळी यंत्राला एक भिंत हुंगायला द्यायची. त्या भिंतीत जे काही सापडेल ती शहराची हवा, असं यंत्र समजे, आणि तेवढ्या रेघा त्या दिवशीच्या सगळ्या घरांतून पुसून टाके. शून्य जमलं की हिरवा दिवा लागे. यासाठी व्हॅल्युअरांच्या संघटनेच्या कार्यालयात एक शून्य-खोली बांधलेली होती. तिथे कोणी कधी राहिलेलं नव्हतं, कोणी कधी झोपलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे शून्य तिथेच घ्यायचं.

पण सकाळच्या गर्दीत आधी तिथे जायचं आणि मग साइटवर, कोणाला परवडतं? निम्मे लोक शून्य घरीच घेत. नियमाने चालणारा हेमंतही घरीच घेई, आणि त्याला ते नियमाबाहेरचं वाटतच नसे, कारण त्याला तशी शिकवण होती. कुलथे सरांची.

दिगंबर कुलथे म्हणजे जुन्या जमान्यातले व्हॅल्युअर. टेपने घरं मोजण्याच्या काळातले. हेमंत इंजिनिअर होऊन नोकरी शोधत हिंडत होता तेव्हा त्यांनी त्याला हाताशी धरलं. त्यांचा पहिला धडा असा, की टेप घरी तपासूनच बाहेर पडायचं. आपल्या दाराच्या चौकटीचं माप आपल्याला पाठ असतं. टेप तिला लावायची आणि ती बरोबर बोलली तर जगाची घरं मोजायला निघायचं. "ज्याचं माप घरात चुकत नाही, त्याचं बाहेर चुकत नाही, हेमंता," असं सर म्हणत. टेप गेली, हुंगणी आली, आणि हेमंत तिला रोज सकाळी आपल्याच झोपायच्या खोलीत, उशाकडच्या भिंतीला लावू लागला. यंत्र रात्री तिथेच चार्जिंगला असे, त्यामुळे ते सोयीचंही होतं.

त्या भिंतीशी डाव्या उशीवर त्याची बायको तृप्ती झोपे, उजव्या उशीवर तो.

तृप्ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. मोकळी, बडबडी बाई होती. अलीकडे मात्र शाळेतून आली की आडवी होई. पाय सुजत. जेवणाला धातूची चव लागते म्हणे. एकदा तिने आवडीचं मटण ताटात तसंच टाकलं.

"सारखं उभं राहून शिकवतेस, पाय सुजणारच," एका सकाळी यंत्र भिंतीला लावत हेमंत म्हणाला.

"अंगाला खाजही येते हो."

"उन्हाळा आहे."

"डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

यावर हेमंतने काही म्हणायच्या आतच तीच हसली. भिंतीवरचा हिरवा दिवा नुकताच लागला होता. "जाऊ दे. रोज सकाळी तुमची हुंगणी माझ्या डोक्याशी हिरवा दिवा लावते. मला काही असतं तर तिने सोडलं असतं होय?"

इथे त्याने तिला सांगायला हवं होतं, की अगं, हा दिवा तू बरी असल्याचा नाही; या भिंतीत जे आहे ते आज मी कुठेही बघणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला हे ठाऊक होतं. परीक्षेत त्याने ते लिहिलेलं होतं. पण उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर रोज तो दिवा बघून त्यालाही बरं वाटे. तो "तेच की" म्हणाला आणि यंत्र पिशवीत घालून निघाला. नियमाचा पक्का असलेला हा माणूस चुकला तो इथे, स्वतःच्या घरात.

त्या दिवशीची तपासणी कुलथे सरांच्याच घरची होती.

सर आता एकटे होते. त्यांच्या पत्नी, वत्सलाकाकू, मूत्रपिंडं निकामी होऊन गेल्या. शेवटची कितीतरी वर्षं त्या गंगापूर रोडच्या त्याच फ्लॅटमध्ये, त्याच पलंगावर होत्या. हेमंतने त्यांना डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी किती वेळा गाडी काढली असेल. सरांची मुलगी कोल्हापूरला होती. फ्लॅट विकायचा, तिच्या शेजारी लहानशी जागा घ्यायची आणि उरलेले दिवस नातवंडांत काढायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. गिऱ्हाईकही मिळालं होतं. सातव्या पानावर सगळं अडून होतं.

"सर, मी दुसऱ्या कुणाला पाठवतो. माझ्याने नाही व्हायचं," हेमंत दारातच म्हणाला.

"तूच कर. तुझ्या हातून मेलो तर निदान बरोबर मेलो असं तरी वाटेल," सर म्हणाले आणि आराम खुर्चीत बसले.

हेमंतने काकूंच्या पलंगाशी भोक पाडलं. त्याला आज पहिल्यांदाच हात जड वाटत होता. मूत्रपिंडं गेली की रक्तातला युरिया बाहेर पडत नाही. तो कुजून श्वासातून अमोनियाचा आणि नासक्या मासळीचा वास येऊ लागतो. हुंगणीला ही रेघ सापडणं म्हणजे हातचा मळ. यंत्र एकेक दिवाळी मागे जात राहिलं आणि शेवटी पडद्यावर शब्द आला, निरंक.

हेमंतने तो दोनदा वाचला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र चुकलं असेल, थर झिजले असतील, काकूंनीच कुठून तरी हात फिरवला असेल. त्याला कारण नकोच होतं. नियम सांगत होता, यंत्र म्हणेल तेच लिहा. जन्मात पहिल्यांदा नियम त्याच्या मनासारखा वागला होता.

"सर, निरंक!"

"निरंक?" सरांनी हात पुढे केला. नियमात बसत नव्हतं, तरी हेमंतने पडदा त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा लावला, पडदा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. मग ते हेमंतकडे बघत राहिले.

"टेप अजून घरीच तपासतोस का रे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय सर? तुमची शिकवण आहे. शून्य रोज घरीच घेतो, उशाकडच्या भिंतीवर."

सरांनी चष्मा खिशात ठेवला. "तृप्ती कशी आहे?"

"मजेत. शाळेने जरा दमते."

"बस," सर म्हणाले. "चहा घेऊन जा."

हेमंत चहाला थांबला. सरांनी स्वतःच्या कपात दोनदा साखर घातली, पण वय झालं होतं त्यांचं.

पुढे सगळं सुरळीत झालं. गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झालं, रजिस्ट्री झाली, पैसे पोचले. दरम्यान पावसाळा सुरू झाला आणि तृप्तीचा चेहराही सुजू लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. हिरवा दिवा रोज लागत होता.

सरांचं सामान ट्रकमध्ये चढलं त्या दिवशी हेमंत त्यांना निरोप द्यायला गेला. रिकाम्या खोलीत सर खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी हेमंतला समोर बसवलं.

"हेमंता, ही इथे त्या आजाराने गेली. तुझ्या यंत्राला ती दिसली नाही. का दिसली नाही, याचा विचार केलास?"

"थर झिजले असतील, सर."

"भिंत झिजत नाही रे. यंत्र फक्त एकच गोष्ट बघायची सोडतं. काय सोडतं?"

हेमंत उत्तर देणार होता. शाळेतल्या मुलासारखं त्याचं तोंड उघडलंही. शून्यात जे असतं ते. मग त्याला कळलं आपण काय म्हणणार आहोत, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"तुझ्या उशाच्या भिंतीत तीच रेघ आहे," सर म्हणाले. "तुझी नसेल तर तृप्तीची. आजच जा."

हेमंत उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "सर, तुम्हाला हे आज सुचलं?"

सरांनी मान खाली घातली नाही. "नाही. त्याच दिवशी."

"त्याच दिवशी!"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? शून्य चुकलं म्हणून अहवाल मागे घेतला असतास. घेतला असतास की नाही?"

हेमंतने दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"तू तसाच आहेस. मीच तुला तसा केलाय. दुसरा कोणी असता तर मी सांगितलं असतं. पैसे हातात पडेपर्यंत थांबलो. मला मुलीकडे जाऊन मरायचं होतं, हेमंता, इथे एकट्याने नाही."

खालून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. हेमंत ज्यांना बापाच्या जागी मानत आला होता, ते सर काठी टेकत त्याच्या बाजूने निघून गेले. त्याला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खोट्याशिवाय कशावरही हात उगारायची त्याला सवय नव्हती.

तो थेट संघटनेच्या शून्य-खोलीत गेला. तिथल्या कोऱ्या भिंतीवर त्याने शून्य घेतलं आणि घरी येऊन यंत्र तृप्तीच्या उशीशी लावलं. रेघ आली. ती एवढी उंच होती की पडद्याच्या वर जाऊन पुढे दिसेना. त्याने यंत्र बंद केलं. आपल्या उशीकडे ते नेण्याचं त्याच्या मनातही आलं नाही. व्हॅल्युअरची हीच खोड. सांगितलेला दोष सापडला की तो टेप गुंडाळतो.

"काय झालं?" तृप्ती दारात उभी होती. पिशवीत शाळेच्या वह्या होत्या.

आजार घरच्यांना सांगायचा नाही, हा नियम त्याने पहिल्यांदाच मोडला. त्याने तिला खरं सांगितलं.

तृप्तीने सगळं ऐकून घेतलं. गणिताची बाई ती. उगाच रडली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे तो हिरवा दिवा लागायचा, तेव्हा माझा आजार ते रोज खोडत होतं?"

"हो."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं? यंत्र असं चालतं, हे?"

"हो."

"मी रोज त्याच्याकडे बघून उठत होते हो," ती म्हणाली आणि वह्या टेबलावर एकावर एक लावत बसली.

इस्पितळातल्या तज्ज्ञ बाईंनी मोजक्या शब्दांत सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं संपली आहेत. पावसाळ्याआधी आला असतात तर औषधांवर थोपवता आलं असतं. गेल्या काही महिन्यांतच मूत्रपिंडं झपाट्याने निकामी झाली. आता डायलिसिस, आणि होईल तितक्या लवकर कोणाचं तरी मूत्रपिंड. तृप्तीला आई-वडील नव्हते, भाऊबहीण नव्हते. हेमंतचा रक्तगट जुळला. त्या दिवशी घरी येताना दोघं रिक्षात एकमेकांचा हात धरून बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा काहीतरी उपयोग होतोय, असं तृप्ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्या दिवसांत हसू ऐकू आलं ते तेवढंच.

मधल्या काळात हेमंतने त्याच्या स्वभावाला साजेसं काम केलं. संघटनेला पत्र लिहून कळवलं, की माझं शून्य दूषित होतं, माझे अहवाल तपासून घ्या. तपासले. मूत्रपिंडाचा एकही रोगी त्याला कोणत्याही घरात सापडलेला नव्हता. खैरनारांचा खोकला मात्र त्याने बरोबर पकडला होता. परवाना निलंबित झाला, यंत्र जमा झालं, आणि घरी शून्य घेणाऱ्या निम्म्या व्हॅल्युअरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मिळकत थांबली. शस्त्रक्रियेला पैसा लागणार होता, म्हणून फ्लॅट विकायला काढला. तृप्तीची रेघ घेऊन त्याला किती किंमत येईल हे हेमंत तोंडपाठ सांगू शकत होता. कमी येईल, पण भागेल, असा त्याचा हिशोब होता. डॉक्टरांनी दात्याच्या बाकीच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात ठेवल्या होत्या. त्याआधी बँकेने तपासणीला रेवती आहेरला पाठवलं.

रेवती हेमंतच्याच हाताखाली शिकलेली. सकाळच्या उन्हात ती आली तेव्हा तिने आधी पिशवीतून शून्य-खोलीचा दाखला काढून दाखवला.

"सर, शून्य तिथलंच आहे."

"शाबास."

"तृप्तीकाकूंचं मला ठाऊक आहे. त्यात नवीन काही नाही. ते उरकते आणि तुमच्या हातचा चहा घेऊनच जाते, काकू."

"आलं घालते," तृप्ती म्हणाली. डायलिसिसच्या आदल्या दिवशी तिला उभं राहवत नसे, तरी ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली.

रेवतीने डाव्या उशीशी भोक पाडलं. रेघ आली, तिने नोंद होऊ दिली, हेमंतने मान डोलावली. मग ती पलंगाला वळसा घालून उजव्या उशीशी गेली. शिकवलेलंच करत होती ती. हेमंतनेच शिकवलं होतं, की पलंग दोघांचा असेल तर दोन्ही उशा तपासायच्या.

यंत्र गुरगुरत राहिलं. रेवतीने पडद्याकडे पाहिलं, आणि नळी काढून हातभर वर दुसरं भोक पाडलं. व्हॅल्युअर दुसरं भोक केव्हा पाडतो, हे हेमंतला चांगलं माहीत होतं. तो पलंगाच्या कडेवर बसला. गेले काही महिने त्याचंही वजन उतरत होतं. इस्पितळाच्या खेपांनी असेल, असं त्याला वाटत होतं. आजवर त्याच्या यंत्राने या भिंतीतलं जे जे पुसलं, त्यात फक्त तृप्तीचंच होतं, हे त्याने कशावरून धरलं होतं?

रेवतीने पडदा बंद केला. ती घाईघाईने नळी गुंडाळू लागली.

"चहा झालाच बघ," आतून तृप्तीचा आवाज आला.

"नको काकू, उशीर झाला. द्वारकेला अजून एक साइट आहे." ती चपला शोधू लागली.

"रेवती," हेमंत म्हणाला. "काय आलं?"

ती दाराशी थांबली. तिचा परवाना नवा होता, घरी तान्हं मूल होतं. तिने भिंतीकडे पाहिलं. ती आतली कोरडी ठणठणीत भिंत होती. तिच्यामागे ना नळ होता, ना पन्हळ.

"ओल आहे, सर," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तृप्ती दोन्ही कप घेऊन दारात आली होती. तिने ऐकलं होतं. "कुठे ओल? तुमच्या बाजूला?"

हेमंतने होकारार्थी मान हलवली.

"मग असे बघत काय बसलात?" कप खाली ठेवून तिने त्याची उशी उचलली आणि आपल्या उशीशेजारी आणून ठेवली. "इकडे झोपा आजपासून. ऑपरेशन होईपर्यंत तुम्हाला काही होऊन चालायचं नाही."